महालक्ष्म्यांचा विंचू: तुमच्या गच्चीवरून वृश्चिक दिसते का?

गच्चीवरचा_गडी · १८ मे, रात्री ११:५२

लाइट गेलीय. कूलर बंद म्हणजे खाली खोलीत भट्टी, म्हणून गादी उचलून गच्चीवर आलो. संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारलं होतं, तरी फरशी अजून तळव्याला चटका देतेय. अर्धा तास सगळ्यांना शिव्या घालून झाल्या, मग आग्नेयेकडे मान वळली आणि म्हटलं, आता लाइट आली तरी खाली जाणं नाही. समोरच्या बिल्डिंगवर दोन काळ्या टाक्या आहेत, त्यांच्या मधून विंचू वर आलाय.

ज्यांनी कधी ओळखून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सध्या रात्री साडेदहा-अकराला आग्नेयेला बघा. आधी तीन चांदण्यांची उभी, किंचित वाकलेली ओळ दिसेल. ती अनुराधा, विंचवाचं डोकं. तिच्या खाली लाल-नारिंगी ठसठशीत तारा, दोन्ही अंगांना एकेक मंद चांदणी घेऊन बसलेला. ती ज्येष्ठा. तिथून अंग खाली दक्षिणेकडे उतरत जातं आणि शेवटी आकडा वळतो तसं वळतं. आकड्याच्या टोकाला दोन चांदण्या अगदी शेजारी शेजारी, ते मूळ. शेपूट पूर्ण वर यायला साडेअकरा वाजतात. माझ्या मते बारा राशींत नावासारखी दिसणारी रास ही एकच. मेषेत मेंढा आणि कर्केत खेकडा ज्याला दिसला त्याला माझ्याकडून एक प्लेट तर्री पोहा.

आता खरा मुद्दा. आमच्या घरी महालक्ष्म्या असतात. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: तुमच्या गौरी.) दरवर्षी भाद्रपद लागला की आई गुरुजींना फोन करते आणि एकच प्रश्न विचारते, "नक्षत्र कधी लागतं?" आवाहन अनुराधेवर, जेवण ज्येष्ठेवर, विसर्जन मुळावर. तिथी कुठलीही पडो, नक्षत्र चुकवायचं नाही. लहानपणापासून हे तीन शब्द कानावर आहेत. पण ही तीन नक्षत्रं म्हणजे एकाच विंचवाचं डोकं, छाती आणि नांगी, हे कळायला मला वयाची बेचाळीस वर्षं लागली.

गेल्या वर्षी ३१ ऑगस्टला आवाहन होतं. संध्याकाळची आरती झाली, फुलोरा बांधून झाला, मी वर आलो. ढग होतेच, पण मध्ये मोठी फट पडली आणि त्यात अर्धा चंद्र अन् त्याला खेटून ती लाल चांदणी. आईला हाक मारली. गुडघे धरत, कठड्याला टेकत ती वर आली. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ही होय ज्येष्ठा? चाळीस वर्षं हिला सोळा भाज्या करून जेवू घालतेय, तोंड आज पाहिलं."

म्हणून हा धागा. महालक्ष्म्यांचे तीन दिवस चंद्र विंचवाच्या पाठीवरून डोक्याकडून नांगीकडे चालत जातो. तुमच्या गावाहून, तुमच्या गच्चीवरून काय दिसतं ते लिहा.

---

तर्री_नंबर_वन · १९ मे, सकाळी ८:१०

गज्जब धागा भौ. पण आमच्या इकडं, मानकापूरकडं, एवढे एलईडी लागून राह्यले की विंचू काय, चंद्रही इनमिन दिसते. काल मी संध्याकाळी साडेसातला पाह्यलं तं पश्चिमेला एक जबरदस्त चमकून राह्यलं होतं. तो तुमचा विंचू आहे काय? अन् लाल म्हणजे मंगळच असते नं?

---

गच्चीवरचा_गडी · १९ मे, सकाळी ९:०५

नाही भौ, पश्चिमेचा तो शुक्र. विंचू नेमका त्याच्या उलट बाजूला उगवतो. आणि मंगळ सध्या पहाटे उगवतोय, रात्री अकराला तो आकाशातच नाही.

पण चूक तुमची एकट्याची नाही, हजारो वर्षं जुनी आहे. ज्येष्ठेचं ग्रीक नाव अँटारेस, म्हणजे मंगळाचा प्रतिस्पर्धी. रंग सारखा, आणि मंगळ दर दोनेक वर्षांनी हिच्या जवळून जातो. तेव्हा दोघांत लाल कोण जास्त, हे बघायला मजा येते. ओळखायची खूण सोपी: लुकलुकते ती ज्येष्ठा, स्थिर डोळ्यांनी बघतो तो मंगळ.

---

सिंहावलोकन · १९ मे, दुपारी १:३०

"नावासारखी दिसणारी रास ही एकच" याला सक्त हरकत. सिंहेचं विळ्यासारखं डोकं, विळ्याच्या मुठीपाशी मघा, मागे उत्तरा फाल्गुनीचं शेपूट. बसलेला सिंह लहान मूलसुद्धा ओळखतं. पोहे कुठे मिळणार तेवढं कळवा.

---

अयनांश · १९ मे, रात्री १०:१५

धागा आवडला, आईंचं वाक्य तर फारच. दोन दुरुस्त्या करतो, राग मानू नये.

पहिली. तुम्ही लिहिलंय की आवाहनाच्या संध्याकाळी चंद्र ज्येष्ठेला खेटून होता. आवाहन तर अनुराधेवर. मग चंद्र ज्येष्ठेपाशी कसा? गंमत अशी की पंचांगातलं नक्षत्र म्हणजे तारा नव्हे, पट्टा. चंद्राच्या वाटेचे २७ सारखे तुकडे केलेत, प्रत्येक १३ अंश २० कलांचा. नाव जवळच्या ताऱ्याचं दिलं, पण तारा त्या तुकड्यात नेमका कुठे पडेल याची हमी नाही. चित्रापक्षाचा अयनांश धरला (अयनांश म्हणजे हे तुकडे कुठल्या बिंदूपासून मोजायचे त्याचा हिशेब, इथे तो चित्रा ताऱ्यावरून), आणि आज बहुतेक पंचांगं तोच धरतात, तर ज्येष्ठा हा तारा ज्येष्ठेचा पट्टा सुरू व्हायच्या पाऊण अंश आधीच, म्हणजे अनुराधेच्या हद्दीत येतो. घर स्वतःच्या नावावर आणि बाई उंबऱ्याबाहेर, असा प्रकार.

टिळक पंचांग मानणाऱ्यांकडे ही अडचण नाही. त्यांचा आरंभबिंदू रेवतीचा, फरक सुमारे चार अंशांचा. त्या हिशेबाने ज्येष्ठा आपल्याच पट्ट्यात बसते. चार अंश म्हणजे चंद्राला सात-आठ तास. दोन घरच्या गौरींच्या वेळा जुळत नाहीत त्यामागे कधी कधी हेच असतं.

दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची आहे, पण ती उद्या. मोबाइलवर टंकून अंगठा दुखला.

---

थेम्सकाठचा_वैदर्भीय · २० मे, रात्री २:४०

लक्ष्मीनगरात वाढलो, आता लंडनला. सांगायला वाईट वाटतं, पण इकडे विंचू नांगी काढलेलाच मिळतो. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर, लंडन साडेएकावन्नवर. आपल्याकडे ज्येष्ठा दक्षिणेला माथ्याच्या निम्म्या वाटेपर्यंत, साधारण ४२ अंश चढते. इथे जेमतेम १२. शेपटीचा तळ तर क्षितिजाच्या वर कधी येतच नाही, जन्मभर बसलात तरी. त्यात जूनमध्ये इथे रात्र म्हणजे नुसता संधिप्रकाश.

मागे न्यूझीलंडला जाणं झालं तेव्हा उलटं पाहिलं. तिथे विंचू थेट डोक्यावर येतो आणि माओरी लोक त्याला विंचू म्हणतच नाहीत. त्यांच्या लेखी तो माउईचा मासे धरायचा गळ. समुद्रावरच्या माणसाला गळ दिसला, आपल्याला विंचू.

बाबा लहानपणी रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात न्यायचे. तिथल्या घुमटावर विंचू पूर्ण दिसला की पोट्टे ओरडायचे. आता लेकीला पूर्ण विंचू दाखवायचा तर तिकीट काढून नागपूर गाठावं लागेल.

---

खस_आणि_पाणी · २० मे, सकाळी ७:२०

अवांतर: खरा विंचू चावला तर गच्चीवर तारे बघत बसू नका, दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण कसे वाचवले ते वाचण्यासारखं आहे. उन्हाळ्यात गच्चीवरची गादी झटकूनच टाका. आमची आजी गादी झटकताना वर बघायची आणि म्हणायची, "वरचा इच्चू निंगाला, आता खालचेबी निंगतीन."

---

अयनांश · २० मे, रात्री ९:४५

आजीचं वाक्य पंचांगात छापायला हवं.

आता दुसरी दुरुस्ती. "चंद्र विंचवाच्या पाठीवरून डोक्याकडून नांगीकडे चालत जातो." वाचायला सुंदर, पण तसं घडत नाही. सूर्य-चंद्राची वाट विंचवाच्या फक्त डोक्यावरून जाते. अनुराधेच्या ओळीतून वाट शिरते, ज्येष्ठेच्या जरा वरून निघते आणि पुढे विंचू खाली दक्षिणेकडे वळतो, वाट मात्र सरळ वर निघून जाते. ज्येष्ठा वाटेच्या साडेचार अंश खाली आहे. चंद्र वाटेच्या पाच अंश वर-खाली होत असल्यामुळे तो तिला गाठू शकतो, झाकूही शकतो. अशी पिधानांची मालिका २०२३ पासून चालू आहे, २०२८ पर्यंत चालेल, अर्थात प्रत्येक वेळी पृथ्वीच्या वेगळ्या भागातून दिसते. पण मूळ तारा वाटेच्या जवळजवळ १४ अंश खाली. चंद्र कितीही खाली उतरला तरी मध्ये आठ-नऊ अंशांचं अंतर राहतंच. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. म्हणजे जवळपास एक मूठ.

यातूनच दुसरं कोडं सुटतं. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ८८ तारकासमूहांच्या हद्दी ठरवल्या. त्या हद्दींप्रमाणे सूर्य वृश्चिकेत असतो फक्त आठवडाभर, २३ नोव्हेंबर ते २९ नोव्हेंबरच्या आसपास. मग तो भुजंगधारीत शिरतो आणि तिथे अठरा दिवस काढतो. दर दोन वर्षांनी "तेरावी रास सापडली" अशी बातमी येते ती हीच. सापडलं काही नाही, भुजंगधारी जुन्या ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीच्या यादीतही होता. राशी म्हणजे ३० अंशांचे सारखे डबे, तारकासमूह म्हणजे आकाशातली वेडीवाकडी शेतं. डब्याचं आणि शेताचं नाव एक असल्यामुळे घोळ होतो.

---

तर्री_नंबर_वन · २० मे, रात्री १०:३०

मंग माझी रास वृश्चिक आहे ते काय आहे? वाढदिवस तं जुलैतला.

---

अयनांश · २० मे, रात्री १०:४१

आपल्याकडची रास चंद्राची. तुमच्या जन्मवेळी चंद्र वृश्चिकेच्या डब्यात होता. तो दर महिन्याला सव्वादोन दिवस तिथे असतोच. पेपरात इंग्रजी तारखांवर येतं ते सूर्याचं. दोन्ही वाचून ज्या दिवशी धनलाभ असेल तो आपला मानायचा, बहुतेक लोक तेच करतात.

---

मूळची_मी · २१ मे, रात्री ११:२०

वाचनमात्र असते, आज लिहिते.

माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पाढा म्हणून दाखवते: मूळ सासऱ्याला वाईट, आश्लेषा सासूला, ज्येष्ठा मोठ्या दिराला, विशाखा धाकट्या दिराला. शाळेतल्या पाढ्यांच्या आधी हा पाठ झाला होता. नवऱ्याला वाईट असं एकही नक्षत्र यात कसं नाही, हे मी आजीला विचारलं होतं. तिने उत्तर दिलं नाही, कणकेचा हात दाखवला.

सव्विसाव्या वर्षी एक ठिकाण जवळजवळ ठरलं होतं. दोन्हीकडून पसंती, साखरपुड्याचा हॉल बघून झाला. मग एका दुपारी फोन आला. मुलाची आई फार गोड बोलल्या. "आमच्या ह्यांची बायपास झालीय, तुम्ही समजून घ्या." बाबांनी समजून घेतलं. फोन ठेवला आणि पंख्याचा वेग वाढवला, एवढंच.

मग कोणीतरी शांत सुचवली. त्यात सत्तावीस झाडांची पानं लागतात. माझे बाबा, आयुष्यभर विज्ञान शिकवलेला माणूस, जूनच्या उन्हात स्कूटरच्या हुकाला पिशवी लावून पानं गोळा करत फिरले. सेमिनरी हिल्सच्या रोपवाटिकेपासून सुरुवात, मग ओळखीच्यांची अंगणं. संध्याकाळी दिवाणखान्यात वर्तमानपत्रावर पानं मांडली आणि मोजली तर सव्वीस. सत्ताविसावं शेजारच्या काकूंच्या कुंडीतून मीच तोडून आणलं. ते कशाचं होतं ते आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मनीप्लँटचं होतं.

लग्न नंतर वेगळ्याच घरी झालं. त्यांनी पत्रिका मागितली नाही. सासरे आता ८१ वर्षांचे आहेत, रोज सकाळी फुटाळ्याला चक्कर मारतात आणि येताना माझ्यासाठी मक्याचं कणीस आणतात.

हे सगळं सांगायचं कारण, ज्या ताऱ्यावरून एवढं झालं तो मी या १६ मेपर्यंत कधी पाहिलाच नव्हता. अमावास्या होती, शनिवार होता, आम्ही पेंचजवळ वाघोलीला गेलो होतो. रात्री बारा वाजता तलावावर नांगी पूर्ण वर आली. दोन चांदण्या, एक जास्त तेजस्वी, एक कमी, जवळजवळ डोळ्यांसारख्या. सासरे बरोबर होते. ते म्हणाले, "ही का ती? चांगली तर दिसते."

---

गच्चीवरचा_गडी · २१ मे, रात्री ११:४८

मनीप्लँट! 

काय लिहू कळत नाही. ज्या ज्येष्ठेवर आम्ही लक्ष्मीला पुरणपोळी वाढतो त्याच ज्येष्ठेवर जन्मलेल्या पोरीला पाहुणे परत पाठवतात, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आमच्या वेळी हेच होतं, आणि आम्हीही तेच केलं." पुढे काही बोलली नाही.

---

अयनांश · २२ मे, सकाळी ६:५०

त्या दोन चांदण्यांना जुनं वैदिक नाव आहे, विचृतौ. द्विवचन, कारण जोडी. अथर्ववेदात त्यांचा उल्लेख रोगाचे पाश सोडवणाऱ्या भगवती तारका असा येतो. म्हणजे सुरुवातीला त्या बंधन सोडवणाऱ्या होत्या. सासऱ्याच्या मागे कधी लागल्या कोण जाणे. आणखी एक: तैत्तिरीय संहितेच्या नक्षत्रयादीत ज्येष्ठेच्या जागी 'रोहिणी' हे नाव येतं, देवता इंद्र. खरी रोहिणी यादीत आधी येऊन गेलेली असतेच. दोन्ही तारे तांबडे, म्हणून दोघींना एक नाव, असा अर्थ लावतात.

---

ज्ञानगंगा_फॉरवर्ड · २२ मे, दुपारी ४:००

ग्रुपवर आलंय: आकाशगंगेचं केंद्र मूळ नक्षत्रात आहे, म्हणूनच ऋषींनी त्याला 'मूळ' म्हटलं. आधुनिक विज्ञानाला आत्ता कळलं. यावर जाणकार काय म्हणतात?

---

दुर्बीणवाला · २२ मे, संध्याकाळी ५:३५

पहिलं वाक्य अर्धं खरं. केंद्राची दिशा विंचवाच्या नांगीच्या पलीकडे, धनु राशीच्या तारकासमूहात आहे आणि आजच्या पट्ट्यांच्या हिशेबात ती मूळ नक्षत्रात पडते. पण आकाशगंगेला केंद्र आहे आणि आपण त्यापासून लांब आहोत हे हार्लो शॅप्लीने १९१८ च्या सुमारास गोलाकार तारकागुच्छांच्या मांडणीवरून काढलं. नुसत्या डोळ्यांनी ते कळायला मार्ग नाही, मध्ये धूळ आहे. तिथे फक्त आकाशगंगेचा पट्टा सगळ्यात जाड दिसतो, तेवढं मात्र कोणालाही दिसेल. ऋषींचं खरं कौतुक करायचं तर वेधांचं करा.

या भागात बघण्यासारखं बरंच आहे. साधी दुर्बीण, दहा बाय पन्नासची, ज्येष्ठेवर धरा आणि किंचित उजवीकडे सरका. कापसाचा पुंजका दिसेल, तो एम ४, सहा हजार प्रकाशवर्षांवरचा तारकागुच्छ. नांगीच्या वर डावीकडे एम ७ तर गावाबाहेर नुसत्या डोळ्यांनीही धुरकट दिसतो, टॉलेमीने सन १३० च्या सुमारास नोंदला होता. अनुराधेतली मधली चांदणी २००० साली अचानक उजळली, आधीच्या जवळपास दुप्पट तेज. हजारो वर्षं जिच्यावरून डोकं ओळखायचे तीच बदलली. शिवाय १८६३ साली मद्रास वेधशाळेत बसून नॉर्मन पॉगसनने याच राशीत एक नवतारा टिपला. तो काही वर्षांनी पुन्हा पुन्हा भडकतो, शेवटचा २०२२ मध्ये. आणि सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत १९६२ मध्ये इथेच सापडला. तो शोधणाऱ्या रिकार्डो जियाकोनींना पुढे २००२ चं नोबेल मिळालं.

ज्येष्ठेबद्दल एवढंच: व्यास सूर्याच्या सुमारे सातशे पट. सूर्याच्या जागी ठेवली तर बुध, शुक्र, आपण आणि मंगळ सगळे तिच्या पोटात. प्रतिस्पर्ध्याला असं गिळणारी दुसरी कोणी माहीत नाही. अंतर साधारण साडेपाचशे प्रकाशवर्षं. आज जो उजेड दिसतो तो निघाला तेव्हा बिदरला बहामनींकडे महमूद गावान वजीर होता आणि बख्त बुलंद शाहने नागपूर वसवायला सव्वादोनशे वर्षं बाकी होती.

---

तर्री_नंबर_वन · २२ मे, रात्री ९:१५

म्हणजे आपला झिरो माइल, संत्रं, काहीच नव्हतं अन् हा उजेड निंगाला होता? बाप्पा. 

वाघोलीला जायचं कसं ते कोणी सांगा.

---

पेंचकर · २२ मे, रात्री १०:०२

नागपूरहून सिल्लारीकडे सत्तरेक किलोमीटर. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली पडेल असे केले. उजेड कमी झाला नाही, फक्त वर जायचा थांबला. हे शहरातही जमण्यासारखं आहे, पण आपल्याकडे दिवा लावणाऱ्याला खांब मोजायचे असतात.

जायचं तर अमावास्येच्या आसपास जा. आता चंद्र वाढतोय, पुढचे आठ-दहा दिवस उपयोग नाही. आणि जंगल आहे, आधी परवानगी काढा, टॉर्चला लाल जिलेटिन लावा.

---

खस_आणि_पाणी · २५ मे, दुपारी ३:१०

आजपासून नवतपा, सगळ्यात तापायचे नऊ दिवस. ऊन असं आहे की कूलरचं पाणी चहाला चालेल. जाणकारांना एक विचारते, नवतपा म्हणजे सूर्य रोहिणीत. मग याचा विंचवाशी काही संबंध?

---

अयनांश · २५ मे, रात्री ९:३०

संबंध असा की यापेक्षा नेमका संबंध आकाशात सापडणं कठीण. रोहिणी आणि ज्येष्ठा हे दोन तांबडे तारे सूर्याच्या वाटेवर जवळजवळ बरोबर १८० अंशांवर आहेत. एक अंश इकडे-तिकडे नाही. सूर्य रोहिणीजवळ गेला की ज्येष्ठा अगदी समोर. सूर्य मावळतो तेव्हा ती उगवते, मध्यरात्री दक्षिणेला सगळ्यात उंच येते, पहाटे मावळते. म्हणजे नागपूरकर ज्या रात्री उकाड्याने झोपत नाहीत त्याच रात्री विंचूही रात्रभर जागा असतो.

म्हणूनच महिन्याचं नाव ज्येष्ठ. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर, म्हणजे ज्येष्ठेपाशी. गेल्या वर्षी १० जूनच्या वटपौर्णिमेला तो तसाच होता. यंदा ज्येष्ठ अधिक आलाय, धोंड्याचा महिना, त्यामुळे ज्येष्ठेजवळची पौर्णिमा ३१ मेची आणि वटपौर्णिमा जूनच्या शेवटी. तेव्हा चंद्र विंचू ओलांडून पुढे गेलेला असेल. वडाला फेरे मारणाऱ्यांनी मनावर घेऊ नये.

---

मूळची_मी · २६ मे, रात्री १२:०५

तुमची दुसरी दुरुस्ती चार वेळा वाचली. मला नीट कळलंय का सांगा. मूळ तारा चंद्राच्या वाटेच्या १४ अंश खाली. चंद्र जास्तीत जास्त पाच अंश खाली उतरतो. म्हणजे माझ्या जन्माच्या रात्री चंद्र त्या ताऱ्यापाशी नव्हता. कोणाच्याच जन्माच्या रात्री नसतो.

---

अयनांश · २६ मे, सकाळी ६:३०

बरोबर कळलंय. कधीच नसतो. मूठभर अंतर राहतंच.

---

मूळची_मी · २६ मे, सकाळी ६:३४

मग बाबांनी पानं एका मुठीच्या अंतरासाठी गोळा केली. बाबा असते तर हे ऐकून खूप हसले असते. आधी आकडेमोड तपासली असती, मग हसले असते.

---

गच्चीवरचा_गडी · २६ मे, रात्री १०:२०

धाग्याच्या मुख्य लेखात "पाठीवरून" च्या जागी "डोक्यावरून" करायला हवं, संपादनाची मुदत संपली. असू द्या, चूक दिसत राहील.

यंदा १७ सप्टेंबरला आवाहन, १८ ला जेवण, १९ ला विसर्जन. तेव्हा विंचू संध्याकाळी नैर्ऋत्येला असतो, आमच्या इथून मोबाइल टॉवरच्या उजवीकडे. साडेसातला अंधार पडतो आणि दहाच्या पुढे ज्येष्ठा मावळते, म्हणजे वेळ अडीच तासांचा. ढग असले तर आंबील तरी नक्की. तर्री भौ, सिंहावलोकन, या. पोहेही देणं लागतो.

मूळची_मी, आई विचारतेय तुम्ही १९ ला येता का. दोन्ही महालक्ष्म्यांची ओटी भरून झाली की एक उरते, ती तुमची भरायची आहे म्हणाली. सासऱ्यांना घेऊन या. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, त्यांना धरायला मी खाली येईन.

---

मूळची_मी · २६ मे, रात्री १०:५१

ते विचारताहेत किती पायऱ्या आहेत.

---

गच्चीवरचा_गडी · २६ मे, रात्री १०:५३

थांबा, मोजून सांगतो.

सत्तावीस. आईशप्पथ.